ज्या वर्षी परसातलं तळं बुजवलं

बाबांनी परसात तळं खणायला घेतलं तेव्हा मी त्यांना अडवलं नव्हतं. उलट घमेली भरून माती कुंपणाशी नेऊन टाकायला मी मदतच केली होती. हे आधी सांगते, कारण पुढे त्या तळ्याची मला जी धास्ती बसली ती ऐकून कुणाला वाटेल, मला ते पहिल्यापासूनच नको होतं. तसं नव्हतं.

बाबा म्हणजे माझे सासरे. सांगलीच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे चेन्नईला आले. आम्ही तांबरमच्या पुढे एका नव्या वस्तीत तळमजल्यावर भाड्यानं राहत होतो. माझा नवरा श्रीपेरुंबुदूरच्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. उजाडता कंपनीची बस त्याला घेऊन जायची आणि दिवेलागणीला आणून सोडायची. मधला सगळा दिवस घरात मी आणि बाबा.

आमची एकमेकांशी नीट ओळख नव्हती. लग्नानंतर मी सांगलीत राहिले ती सणावारापुरती. बाबा स्वयंपाकघरात पाणी प्यायला येतानासुद्धा आधी खाकरायचे. बाकी वेळ व्हरांड्यात खुर्ची टाकून, गुडघ्यांवर हात ठेवून रस्त्याकडे बघत बसायचे. येणारेजाणारे तमिळमध्ये काहीतरी विचारायचे, बाबा हात जोडायचे, ते हात जोडायचे, आणि बोलणं तिथंच संपायचं. ज्या माणसानं उभ्या जन्मात दिवसभर माइकवरून लोकांना गाड्या सांगितल्या, तो असा मुका होऊन बसलेला बघवत नव्हतं. पण मीही काही बोलकी नव्हते तेव्हा. त्याच्या आधीच्या वर्षी माझं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं होतं. शाळेतली नोकरी मी सोडली होती. दिवस कसा जातो हे मला कुणी विचारू नये असं वाटायचं, आणि बाबा विचारायचे नाहीत, म्हणून ते घरात असल्याचा मला त्रास नव्हता.

वरच्या मजल्यावर आमच्या घरमालकीण राहायच्या. सगळी गल्ली त्यांना मामी म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणायचो. त्या तंजावरकडच्या मराठी घराण्यातल्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा परदेशात. त्यांचं मराठी ऐकताना मला जुनी पोथी वाचल्यासारखं वाटायचं, फक्त तिला चाल तमिळची. बाबा आले त्याच आठवड्यात त्या जिन्यावरून वाकून म्हणाल्या, "तुम्हांस येथें करमतं कीं नाहीं?" बाबा उठून उभेच राहिले. चेन्नईत आल्यापासून घराबाहेरच्या माणसानं त्यांना मराठीत विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

"करायला काही काम नाही," बाबा म्हणाले.

"परस पडलंय कीं सगळं. काय पाहिजे तें लावा."

परस म्हणजे घरामागची लांबट जागा. रान माजलेलं, बांधकामाचे विटांचे तुकडे, फुटका सिमेंटचा हौद. बाबांनी रान सगळं काढलं नाही. कुंपणाकडचं तसंच ठेवलं. म्हणाले, "राहू दे. कुणाला तरी दडायला लागतं." कढीपत्ता लावला, लिंबू लावलं. रुईची दोन झाडं मी उपटायला गेले तर नको म्हणाले, तिच्यावर फुलपाखरं अंडी घालतात. पाचोळा जाळू दिला नाही. मग त्या फुटक्या हौदाला सिमेंट लावून तो जमिनीत पुरला, एका बाजूनं दगडांचा उतार केला, म्हणजे आत पडलेला जीव चढून बाहेर येईल. जवळच्या तलावातून मूठभर बारके मासे आणि एक कमळाचा गड्डा आणला. इकडे तलावाला एरी म्हणतात. तो शब्द बाबांनी शिकलेला पहिला तमिळ शब्द.

पाऊस सुरू झाला आणि बेडूक आले. कुठून आले कळलं नाही. त्यांच्यामागून चतुर आले, पाण्यावर टोचा मारत फिरणारे. खंड्या येऊन हौदाच्या काठावर बसायला लागला. भारद्वाज कुंपणाखालून चोरासारखा निघायचा. एकदा मुंगूस पाणी पिऊन गेलं. मी सकाळी चहा घेऊन मागच्या दाराशी गेले की बाबा हळू आवाजात, अगदी स्टँडवरच्या थाटात सांगायचे, "मिरजमार्गे येणारा खंड्या फलाट दोनवर लागला आहे." मी पहिल्यांदा हसले तेव्हा आम्ही दोघंही दचकलो. त्या घरात माझं हसणं त्यांनी ऐकलं नव्हतं, आणि मीही विसरले होते.

पुढच्या वर्षी मला पुन्हा दिवस राहिले. पाचवा महिना मी श्वास रोखून काढला. रोज सकाळी जाग आली की आधी जिथल्या तिथे पडून राहायची, पोटातल्या हालचालीची वाट बघत. ती जाणवली की मग पाय खाली टाकायचा. पाचवा सरला, सहावा लागला, आणि त्याच सुमाराला गल्लीत ताप आला.

चिकनगुनिया हा शब्द आम्ही तोवर ऐकलाही नव्हता. पेपरात येत होतं, कुठल्या कुठल्या जिल्ह्यांत साथ आहे म्हणून. मग कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला दिसेनासा झाला. मग दूधवाल्याची बायको आली ती कमरेत वाकून, भिंतीला धरत. धडधाकट माणसं एका दिवसात म्हातारी झाल्यासारखी चालायला लागली. ताप उतरायचा, पण सांधे धरलेले ते सुटायचे नाहीत. नगरपालिकेची रिक्षा कर्णा लावून फिरायची. माझं तमिळ बेताचंच, पण 'तण्णी' म्हणजे पाणी आणि 'कोसु' म्हणजे डास एवढं मला कळायचं, आणि ते दोन शब्द त्या कर्ण्यातून पुन्हा पुन्हा यायचे. पाणी साठवू नका. डास होऊ देऊ नका. रिक्षा आमच्या घरासमोरून जरा सावकाश जाते असं मला वाटायचं.

डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, "मला ताप आला तर बाळाला काय होतं?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "खरं सांगू? आम्हालाही अजून नीट ठाऊक नाही. बाळंतपणाच्या वेळी आईला ताप असेल तर बाळाला होऊ शकतो, असं ऐकतोय. डास चावू देऊ नका. हा डास दिवसा चावतो. आणि घाणीत नाही, स्वच्छ साठलेल्या पाण्यात होतो."

स्वच्छ साठलेलं पाणी. दवाखान्यातून घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

त्या दिवसापासून मी घरात पूर्ण बाह्यांचे ब्लाउज आणि नवऱ्याचे पायमोजे घालून वावरायला लागले. चेन्नईच्या उकाड्यात. खुर्चीखाली डासांची कॉइल लावायची, आणि लावली की वाटायचं, हा धूर बाळाला चालत असेल का? विझवायची. विझवली की कानाशी गुणगुण ऐकू यायची, खरी की भासाची कुणास ठाऊक. दंडावर लाल ठिपका दिसला की तो डासाचा की मुंगीचा हे बघत बसायची. मागच्या दाराशी चहा घेऊन जाणं मी बंद केलं. बाबांनी कारण विचारलं नाही. ते एकटेच बसायचे, आणि फलाटाचे पुकारे थांबले.

समोरच्या घरात एक निवृत्त बँक कारकून राहायचे. अतिशय सभ्य माणूस. एका संध्याकाळी माझा नवरा बसमधून उतरला तेव्हा ते फाटकाशी थांबलेलेच होते. आत या म्हटलं तर आले नाहीत. इंग्रजीत म्हणाले, "तुमच्या वडिलांबद्दल आम्हाला आदर आहे. पण माझ्या बायकोला उठून बसता येत नाही. गल्लीत साठलेलं पाणी म्हटलं की लोक तुमच्याकडेच बोट दाखवतात. तुम्ही विचार करा."

नवरा आत आला, डबा ओट्यावर ठेवला, आणि हळू आवाजात मला म्हणाला, "बुजवून टाकू ते."

"बाबांना कोण सांगणार?"

त्यानं मान वळवून मागे पाहिलं. मागच्या दारातून बाबांची पाठ दिसत होती. हौदाच्या काठाशी वाकून ते पिकलेली पानं काढत होते.

"तू सांग ना," मी म्हणाले. "तुझे वडील आहेत."

"आई गेल्यानंतर ते पहिल्यांदा कशात तरी रमलेत. मी कसं सांगू?" मग म्हणाला, "तुझं ऐकतील ते."

दुसऱ्याच दिवशी मामींना ताप भरला. वरून त्यांच्या कण्हण्याचा आवाज यायचा. मी पेज घेऊन जिना चढले तर त्या म्हणाल्या, "तूं वर येऊं नको बा. पोटांत पाप्पा आहे. पायरीवर ठेव आणि जा." पाप्पा म्हणजे बाळ. मी पेज पायरीवर ठेवली आणि खाली आले. आमच्या तळ्यातला डास त्यांना चावला असेल का, हा विचार मी मनातून काढू शकले नाही.

मग मला एक नादच लागला. दुपारी बाबा आडवे झाले की मी पांढरी चिनी मातीची वाटी घेऊन परसात जायची. तळ्यातलं पाणी वाटीत घ्यायची, उन्हात धरायची, आणि त्यात वळवळणारं काही दिसतं का ते बघायची. प्रत्येक कण मला अळी वाटायचा. ते पाणी ओतून द्यायची, दुसऱ्या कोपऱ्यातलं घ्यायची. मासे वाटीपाशी यायचे. मागच्या पावसाळ्यासारखीच बेडकांची शेपटीवाली पिल्लं दगडांच्या उतारावर गोळा झालेली असायची. अळी एकदाही सापडली नाही. पण त्यानं जिवाला स्वस्थता येत नव्हती.

"सापडल्या?"

मी इतकी दचकले की वाटीतलं पाणी साडीवर सांडलं. बाबा मागच्या दारात उभे होते. झोपलेले नव्हतेच.

"नाही," मी म्हणाले. "पण दिसत नाहीत म्हणजे नसतीलच असं कसं म्हणायचं?"

"मासे खातात अळ्या. चतुराची पिल्लंही खातात. मी रोज बघतो."

"मला माहितीय बाबा."

"मग?"

मी किती वेळ मनात वाक्यं जुळवली होती. समोरचे काय म्हणाले, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, लोक काय बोलतात. त्यातलं एकही तोंडातून बाहेर पडलं नाही.

"मला भीती वाटते," मी म्हणाले. एवढंच.

बाबा पायरीवर बसले. तळ्याकडे न बघता माझ्या पायातल्या ओल्या मोज्यांकडे बघत राहिले. "मग बुजवू," ते म्हणाले. "भीती वाटते म्हटल्यावर बाकी बोलायचं काय राहिलं? तू मला आधीच सांगायचं होतंस, पोरी. उगाच इतके दिवस उन्हात उभी राहिलीस."

त्यांनी एकच गोष्ट मागितली. जीव तेवढे एरीत सोडून येऊ. इथे प्लास्टिकच्या रंगीत घागरी घरोघरी असतात, तशा दोन घागरींत त्यांनी मासे आणि बेडकांची पिल्लं भरली. पिल्लं हाताला लागत नव्हती. मीच शेवटी चहाच्या गाळणीनं काढून दिली. रिक्षात आम्ही दोघं, आणि दोघांच्या पायांमध्ये एकेक घागर. रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं, काय आहे? मी म्हणाले, "तवळै." बेडूक. तो मागे वळून माझ्या पोटाकडे आणि मग घागरीकडे बघायला लागला. मग खड्डे मात्र त्यानं जपून चुकवले.

एरीच्या काठी गाळ होता. बाबांनी मला वरच थांबवलं. धोतर खोचून ते गुडघाभर पाण्यात गेले आणि घागर आडवी करून पाण्याखाली धरली, म्हणजे आतले आपसूक बाहेर जातील. वेळ लागला. मी काठावर उभी राहून हातापायांवरचे डास झटकत होते, आणि ते सगळं लवकर आटपावं, एवढंच मला वाटत होतं. परत येताना बाबांच्या धोतराला चिखल होता.

तळ्यात माती टाकली, वर विटांचे तुकडे दाबले. पण मोठे बेडूक कुठे हाती लागले होते? दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्या ओल्या मातीवर येऊन बसले होते. नुसतेच बसलेले. बाबांनी त्या बाजूची खिडकी लावून घेतली.

मला वाटलं होतं, तळं गेलं की भीतीही जाईल. ती गेली नाही. आता तिला नेमकी जागा उरली नव्हती, एवढाच फरक. आणि त्याच आठवड्यात बाबांचा हात चहाचा कप उचलताना थरथरायला लागला. कप ते दोन्ही हातांनी धरायचे. मी विचारलं, तर म्हणाले, फावडं मारल्यानं हात भरून आलेत. दाढी करणं त्यांनी सोडलं. माझ्यापासून लांब, व्हरांड्याच्या टोकाला बसायला लागले. मी जवळ गेले की उठून जायचे. माझ्या तेव्हा लक्षातच आलं नाही. मला वाटलं, ते रुसलेत.

तपासणीच्या दिवशी मी दवाखान्यातून परत आले तर घराला कुलूप. किल्ली मामींकडे होती. मामी नुकत्या कुठे जिन्यावर येऊन बसायला लागल्या होत्या.

"तुझे मामंजी पिशवी घेऊन गेले," त्या म्हणाल्या. "गांवास जातों म्हणाले. अंग कसं पेटलेलं होतं त्यांचं! नका जाऊं म्हणून मीं किती सांगितलं. ऐकत नाहींत. म्हणतात, सून बाळंत व्हायची आहे, घरांत ताप नको."

कारखान्यात कामावर मोबाईल आत नेऊ देत नसत. गेटवर फोन केला, निरोप देतो म्हणाले. निरोप पोचून, सुट्टी मिळून, तिथून तांबरमला यायला नवऱ्याला कितीतरी वेळ लागला असता. बाबांना इथला एकच रस्ता माहीत होता: तांबरमहून लोकल, मग सेंट्रल, तिथून सोलापूरकडे जाणारी गाडी. तापात. एकटे. भाषा येत नाही. मी पुन्हा रिक्षात बसले.

तांबरमचं स्टेशन मला एवढं मोठं कधी वाटलं नव्हतं. रुळांवरच्या पुलाच्या पायऱ्या मी कठड्याला धरून चढले. पोटात बाळ वळत होतं आणि मी त्याला मनातल्या मनात म्हणत होते, थांब, जरा थांब. पहिल्या फलाटावर नाहीत, दुसऱ्यावर नाहीत. लोकल आली की गर्दी उसळायची आणि मला काही दिसायचं नाही; ती गेली की फलाट मोकळा, आणि बाबा नाहीत. प्रत्येक गेलेल्या गाडीत ते असतील असं वाटायचं.

सापडले ते पुलाच्या पलीकडच्या बाकावर. पिशवी मांडीवर, डोळे लाल, दाढी वाढलेली. समोर सेंट्रलकडे जाणारी लोकल उभी होती आणि ते तिच्याकडे नुसतं बघत होते. गाडी सुटली. मग माझ्या लक्षात आलं की त्यांना उठताच येत नाहीये. गुडघे धरले होते.

"तू कशाला आलीस?" मला बघून ते म्हणाले. "एवढ्या गर्दीत, एवढ्या डासांत?"

"तुम्ही कुठे निघालात?"

"घरी."

"घर इथं आहे."

"लांब बस," ते म्हणाले. मी त्यांच्या शेजारीच बसले. ते सरकायला गेले, पण सरकता येईना. "डास मला चावणार, मग तुला चावणार. कळत नाही का तुला?" त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. मग तो एकदम खाली आला. "मागच्या वेळी ती तुझ्याकडे येऊन राहून गेली होती ना. परत आली ती काही दिवस धड जेवली नाही. मला म्हणायची, पोरीकडे बघवत नव्हतं. मला सगळं ठाऊक होतं. तुला कसं बोलायचं ते ठाऊक नव्हतं, एवढंच."

ती म्हणजे सासूबाई. माझ्या गेलेल्या बाळाबद्दल माझ्याशी त्यांनी काढलेले ते पहिले शब्द. ते असे, फलाटावर, गर्दीत. मला रडू फुटलं. लोक बघायला लागले.

"तुम्ही असे गेलात आणि वाटेत तुम्हाला काही झालं," मी म्हणाले, "तर ते सोसेल का मला? एक काळजी पुरे आहे बाबा. दुसरी देऊ नका."

बाकाच्या मागे एक फुलं विकणारी बाई गजरे ओवत बसली होती. तिला भाषा कळली नसेल, पण बाकीचं कळलं. तिनं टोपली बाजूला सारली आणि एका हमालाला हाक मारली. त्या दोघांनी बाबांना दोन्ही बाजूंनी धरून रिक्षापर्यंत आणलं.

घरी मामी फाटकाशीच उभ्या होत्या, भिंतीला टेकून. "वर आणा त्यांस," त्या म्हणाल्या. "मजला तो ताप येऊन गेला. मजला आतां कसलं भय? हीनं खालीं राहावं, त्यांनीं वर."

"लोक काय म्हणतील मामी?" मी पुटपुटले.

"लोकांस मीं पाहून घेतें."

बाबा वर राहिले, मच्छरदाणीत, मामींच्या बाहेरच्या खोलीत. संध्याकाळी नवरा त्यांना औषध आणि अंग पुसायला पाणी घेऊन जायचा. दिवसभर मामीच बघायच्या. खालून मला दोघांचं बोलणं ऐकू यायचं, मामींचं तंजावरचं मराठी आणि बाबांचं सांगलीचं. आमटीत गूळ घालावा की नाही यावरून एकदा बरीच वादावादी झाली. ताप उतरला. सांधे मात्र धरलेलेच राहिले.

जरा हिंडूफिरू लागल्यावर बाबा गच्चीवर गेले. तिथे मामींची पाण्याची पिंपं होती. चेन्नईत मधे जी कोरडी वर्षं गेली, त्यानंतर कितीतरी घरांना ही सवय लागली होती. नळाला पाणी आलं की दिसेल त्या भांड्यात भरून ठेवायचं. पिंपांना झाकणं नव्हती. बाबांनी आत डोकावून पाहिलं. खाली आले आणि जिन्याच्या तोंडाशी उभं राहून लांबूनच मला म्हणाले, "वरच्या पिंपांत अळ्या आहेत. पुष्कळ."

मी काही बोलणार इतक्यात त्यांनी हात वर केला. "कुणाला सांगायचं नाही. समोरच्यांना तर नाहीच. त्या माऊलीनं मला आपल्या घरात ठेवून घेतलंय."

त्यांनी पिंपं ओतून, घासून घेतली आणि तोंडांवर जुन्या धोतराचे तुकडे बांधले. आखडलेल्या बोटांनी गाठी मारायला त्यांना सगळी दुपार लागली. मामींनी विचारलं, हें कशास? तर बाबा म्हणाले, "चिमण्या पडतील आत."

मामींना तिथूनच ताप आला का? की आमच्या तळ्यातून? की रस्त्यावरच्या एखाद्या करवंटीतून? मला आजही ठाऊक नाही. तळं बुजवायला नको होतं, असंही मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.

दिवस भरत आले तेव्हा मला एकदा कणकण आली. थर्मामीटर हातात घेऊन मी पलंगावर बसून राहिले. पारा बघायचा धीर होईना. नवऱ्यानं तो माझ्या हातातून काढून घेतला. ताप थोडा होता. रक्त तपासलं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाट बघू. दोन दिवसांत तो आपला आपण गेला. कशाचा होता ते कळलंच नाही. मुलगी झाली. तिचं कपाळ मी इतक्या वेळा हात लावून पाहिलं की नर्स रागावली. मग डॉक्टरीणबाईंनी तिला नीट तपासलं आणि म्हणाल्या, "घरी न्या हिला. चांगली आहे. आता तुम्ही झोपा."

बाबा खाली राहायला आले. त्यांची बोटं पुढे कधी पूर्ण उघडली नाहीत. नातीला ते तळव्यांवर नाही, कोपरांच्या खोलगटात घ्यायचे. फावडं हातात धरणं संपलं. परसात झाडं होती ती होती, नवं काही लावलं नाही.

थंडी सरता सरता, मागच्या दाराशी दुपटी वाळत घालायची जी तार होती, तिच्या टोकाला एका शिंजीर पाखरानं घरटं बांधलं. चिमणीहूनही लहान पाखरू. काड्या, कोळ्याची जाळी, आमच्याच कापसाच्या वातीचा तुकडा, असं काहीबाही लोंबत बांधलेलं. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. आम्ही ती तार वापरणं सोडलं. दुपटी घरात, पंख्याखाली वाळायला लागली. मागचं दार आम्ही उघडेनासे झालो. मुलीला मांडीवर घेऊन मी खिडकीच्या फटीतून बघायची. कावळा कुंपणावर बसला की माझा जीव वर यायचा. मामींच्या ओळखीचं एक मांजर होतं, ते दिसलं की मी टाळ्या वाजवायची. पिल्लं झाली होती. चोची तेवढ्या दिसायच्या.

एका सकाळी उठून बघते तर घरटं रिकामं. आई नाही, पिल्लं नाहीत. जमिनीवर काही पडलेलं नाही, पीससुद्धा नाही. मी घाईघाईनं बाबांना बोलावलं. त्यांनी येऊन घरट्यात डोकावून पाहिलं.

"उडाली," ते म्हणाले.

"तुम्ही पाहिलंत?"

"नाही," बाबा म्हणाले, आणि मुलीला घ्यायला त्यांनी कोपर पुढे केलं.